साठ सायकलची वीज आणि बर्फाच्या लाद्या

लोकांनी चांगली चालू असलेली वस्तू आणून द्यायची आणि ती कधी मान टाकते ते आम्ही बघायचं, असा आमचा धंदा होता. विजेच्या वस्तू तपासून दाखला देणारी खाजगी प्रयोगशाळा. परळला, एका बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. माझी गिरगावातली काकू शेवटपर्यंत मला मिक्सर दुरुस्त करणारी समजत होती. दर दिवाळीच्या आधी ती आपला मिक्सर पिशवीत घालून माझ्या हातात द्यायची आणि मी तो गुपचूप कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून करून आणायची. मला नुसता बिघडवता येतो, दुरुस्त करता येत नाही, हे तिला सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

बिघडवण्यासाठी मात्र साधन लागतं. घरातली वीज दिवसभर सारखी नसते. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की ती दबते, दुकानं बंद झाली की चढते. पंखा असो की पाण्याचा पंप, दबलेल्या विजेवर तो उठला पाहिजे आणि चढलेल्या विजेवर जळता कामा नये. म्हणून आमच्याकडे हवी तशी वीज पाहिजे. एकशे ऐंशी व्होल्ट म्हटलं की एकशे ऐंशी, दोनशे साठ म्हटलं की दोनशे साठ. ती देणाऱ्या यंत्राला आम्ही नुसतं 'सोर्स' म्हणायचो. सुरुवातीला आमचा सोर्स म्हणजे एक डिमरस्टॅट होता. गोल डबा, वर फिरवायची मूठ. नळासारखं काम. पण नळानं धार लहानमोठी करता येते, पाणी कुठल्या गावचं ते बदलता येत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्याला पन्नास सायकल म्हणायचं. काही देशांत ती साठ हेलकावे खाते. डिमरस्टॅट कितीही फिरवला तरी पन्नासाचे साठ होत नाहीत.

आम्ही माणसं तीन. दातार साहेब मालक. हिशेबी, हळू बोलणारे, कोणावर रागावले की त्याला जास्तच आदरानं बोलणारे. मी सुनंदा पाटकर, डिप्लोमाला डिस्टिंक्शन मिळवलेली, त्यामुळे पहिली चार वर्षं माझी अशी समजूत होती की विजेला माझ्याबद्दल आदर आहे. आणि तिसरे परबमामा.

परबमामा मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन. संप झाला आणि त्यांच्या गिरणीचा गेट पुन्हा उघडला नाही. काही दिवस त्यांनी लग्नाच्या मांडवात दिवे लावले, मग आमच्याकडे आले. हातात कसलं प्रमाणपत्र नसल्यामुळे नेमणूकपत्रावर 'मदतनीस' असं लिहिलं गेलं. मात्र संप संपला असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. संप मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलेलं नाही, तेव्हा कागदावर तो चालूच आहे आणि आपण इथे तात्पुरते आहोत, असं ते दरवर्षी गणपतीची रजा मागताना न चुकता सांगत. तात्पुरते ते आमच्याकडे सोळा वर्षं होते.

संपाला पाचेक वर्षं होऊन गेली असतील, तेव्हा माझगावच्या हिराबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. भाऊच्या धक्क्यावर मासळीचा मोठा धंदा. त्यांचा दीर गोदीत फिटर होता. त्यानं बोटींसाठी बर्फ फोडायचं यंत्र बनवलं होतं. वरून लादी टाकायची, खालून चुरा. धक्क्यावरच्या लोकांना ते आवडलं होतं, आणि आखातातल्या एका मासेमारी कंपनीच्या माणसानं ते पाहून बारा यंत्रांची मागणी घातली होती. अट एकच. तिकडे वीज साठ सायकलची. त्या विजेवर यंत्र चालतं असा दाखला हवा, आणि चाचणीच्या वेळी त्यांचा इन्स्पेक्टर हजर राहणार.

"तिकडची लाइट वेगली हाय बोलतात," हिराबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे ती हाय काय?"

दातार साहेब "व्यवस्था होईल" असं म्हणाले. त्यांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होता.

पण व्यवस्था करायचं त्यांनी मनावर घेतलं. परदेशी माल पाठवणारे पुढेही येणार, तर एकदाच चांगला सोर्स घेऊ या, असं ठरलं. काय घ्यायचं याचा कागद करायला त्यांनी मला सांगितलं. मी तीन दिवस बसून सुंदर कागद केला. हिराबाईंची मोटार तीन हॉर्सपॉवरची, म्हणजे चालताना ती साधारण तीन केव्हीए वीज ओढणार. त्यावर भरपूर सूट ठेवून मी पाच लिहिले. खाली सही केली आणि तारखेच्या खाली रेघ ओढली.

परबमामांनी तो कागद चष्मा लावून वाचला. इंग्रजी त्यांना आकड्यांपुरतं यायचं. "सुनंदा, मोटार चलताना किती खाता ता नको बघू गो," ते म्हणाले. "उठताना किती खाता ता बघ."

मी त्यांना समजावून सांगितलं की सूट ठेवली आहे. त्यांनी मान हलवली आणि चहा आणायला गेले.

विजेची मोटार उठताना चालण्याच्या पाच-सहापट वीज ओढते. क्षणभरच ओढते, पण ओढते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. कागद करताना ते माझ्या डोक्यात का आलं नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

विक्रेत्यांतला एक इलेक्ट्रॉनिक सोर्स घेऊन आला. कपाटाएवढी राखाडी पेटी, पुढे दोन बटणं. एक फिरवलं की व्होल्ट बदलणार, दुसरं फिरवलं की सायकल. त्यानं फळीवर ओळीनं बल्ब लावले आणि खोली उजळून टाकली. पन्नास केले, साठ केले, बल्ब जरासुद्धा लुकलुकले नाहीत. साहेबांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा प्रेम पाहिलं. परबमामांनी एक मोटार लावून बघूया असं सुचवलं, तर विक्रेत्याला दुसरीकडे जायची घाई होती. बल्बला उठताना काही खास लागत नाही, बसताना काही लागत नाही, असा तो गरीब स्वभावाचा प्राणी. त्याच्यावरून सोर्सची परीक्षा करणं म्हणजे आजीबाईला उचलायला लावून हमालाची परीक्षा करण्यासारखं आहे. पण हे मी आता म्हणते. तेव्हा मीसुद्धा बल्बांकडेच बघत होते.

पेटी आली. साहेबांनी तिला हार घातला, नारळ फोडला, घरून तिच्यासाठी जाड कापडाची खोळ शिवून आणली.

हिराबाई टेम्पोतून यंत्र आणि गोणपाटात भुसा भरून गुंडाळलेल्या बर्फाच्या चार लाद्या घेऊन आल्या. इन्स्पेक्टर यायच्या आधी एकदा रंगीत तालीम करावी म्हणून आम्हीच बोलावलं होतं. मी साठ सायकल लावले आणि यंत्राचं बटण दाबलं. पेटीतून 'टक' असा आवाज आला आणि लाल दिवा लागला. यंत्र हललंसुद्धा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. लादी काढून रिकामं यंत्र लावलं, तरी टक. पेटीला जेवढी वीज द्यायची ताकद होती त्याच्या तिप्पट-चौपट ती मोटार उठताना मागत होती, आणि पेटी स्वतःला वाचवण्यासाठी शहाण्यासारखी दार लावून घेत होती. तिचा काही दोष नव्हता.

तासाभरात मी पंधरा-वीस वेळा तरी बटण दाबलं असेल. तोवर लाद्या वितळायला लागल्या. पाणी आधी टेबलाखालून, मग दाराच्या बाजूनं आणि शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलं. त्या बर्फाला धक्क्यावरच्या सगळ्या मासळीचा वास होता. साहेब शुद्ध शाकाहारी. ते पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवून बसून राहिले.

हिराबाई स्टुलावर बसून हे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बाय, तपासनी कोनाची चाललीय? माझ्या मशिनची का तुमच्या?"

मी पेटी बंद केली. साहेबांनी विक्रेत्याला फोन लावला. तो अतिशय नम्रपणे म्हणाला की मॅडमच्या कागदात पाच आहेत, आम्ही पाच दिलेत. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, परबमामांनी मला आधी सांगितलं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मिस पाटकर," ते म्हणाले, "बल्ब आपण दोघांनीही पाहिले." नोकरीत मला पुष्कळदा शाबासकी मिळाली असेल, पण आठवतं ते हेच वाक्य.

इन्स्पेक्टर यायला तीन आठवडे होते. मोठा इलेक्ट्रॉनिक सोर्स मागवला तर चार महिने लागणार होते, आणि तो घ्यायची आमची ऐपतही नव्हती. तेव्हा परबमामा केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले की वीज बनवायची झाली तर फिरवून बनवता येते. एक मोठी मोटार आपल्या पन्नास सायकलवर चालवायची, तिच्या पट्ट्यावर एक जनित्र फिरवायचं. जनित्र जितकं जोरात फिरेल तितके सायकल जास्त. मोटार मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते, साठ सायकलला जनित्राचे अठराशे हवेत. मोटारीवर दहा इंची पुली, जनित्रावर आठ इंची. विषय संपला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी कागदावर हिशेब मांडून बघितला आणि उठताना किती खाते हेही मांडलं. हिशेब बरोबर होता.

मोटार आणि जनित्र शोधायला आम्ही दोघं कुर्ल्याच्या भंगारात गेलो. तिथे गिरण्यांतून निघालेल्या मोटारी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. परबमामा एकेकीच्या पाटीवरची धूळ हातानं पुसत चालले होते. एका वीस हॉर्सपॉवरच्या मोटारीपाशी ते थांबले. पाटी वाचली नाही. मागच्या बाजूला जाऊन झाकणावर हात ठेवला.

"ह्येचा बेअरिंग मीच बदललंय," ते म्हणाले.

ती त्यांच्याच खात्यातली होती. भंगारवाल्याला हे कळलं असतं तर त्यानं भाव वाढवला असता, म्हणून मी पटकन दुसऱ्याच मोटारीची चौकशी सुरू केली. परबमामांनी आपल्या मोटारीला इतकी नावं ठेवली, की शेवटी भंगारवाल्याला ती उचलून नेणं हेच उपकार वाटायला लागले. टेम्पोत मात्र ते पुढे न बसता मागे तिच्याशेजारी बसून आले.

दहा दिवसांत आमच्या तळमजल्यावर सांगाडा उभा राहिला. जनित्राचे व्होल्ट कमीजास्त करायची व्यवस्था मी केली. आमचा जुना डिमरस्टॅट त्याला जोडला आणि मूठ फिरवली की व्होल्ट वर-खाली व्हायला लागले. कागदावरच्या दहा आणि आठ इंचांनी साठाच्या वर सायकल येत होते, कारण हलक्या ओझ्यावर मोटार जरा जोरात पळते. परबमामांनी मोटारीवरची पुली लेथवर दोनदा खरडून घेतली. सायकल मोजायच्या मीटरमध्ये लोखंडाच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते, ज्या आकड्याची पट्टी थरथरेल तेवढे सायकल. साठाची पट्टी थरथरली. आम्ही पेढे वाटले. सांगाडा चालू झाला की मात्र सगळी इमारत गुणगुणायला लागायची.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या गद्रेबाई खाली आल्या. त्या दुपारी गाण्याचा क्लास घेत. आधी तुमच्या यंत्रांचा गुणगुणाट हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या आसपास असायचा, त्या म्हणाल्या, तो मी इतकी वर्षं चालवून घेतला, मुलींना गळा लावायला उपयोगी पडत होता. पण आता जे काय चाललं आहे ते धड काळी पाच नाही आणि धड पांढरी सातही नाही. मुली मधेच लोंबकळतात. साहेबांनी क्षमा मागितली आणि आठ-दहा दिवस सांभाळून घ्या म्हणाले.

त्या दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "आणि ते तरी स्थिर ठेवा. मधूनमधून खडखड सुरू झाली की तुमचा सूर काळी पाचवर उतरतो."

खडखड म्हणजे हिराबाईंनी आमच्याकडेच ठेवलेल्या यंत्रात बर्फ पडल्याचा आवाज. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बर्फ फोडताना आम्हा तिघांचेही डोळे वीज किती ओढली जाते त्या मीटरवर असायचे, सायकलचा मीटर आम्ही फक्त रिकाम्या यंत्रावर बघत होतो. लगेच एक लादी टाकून बघितली. साठाची पट्टी थांबली आणि अठ्ठावन्नाची थरथरायला लागली. ओझं आलं की पट्टे पुलीवर घसरत होते. इन्स्पेक्टरच्या कागदात साठाच्या इकडे-तिकडे एकच सायकल चालणार होता. म्हणजे गद्रेबाई क्लास सोडून खाली आल्या नसत्या तर आम्ही पहिल्याच लादीला पडलो असतो.

परबमामांना हे लागलं. बावीस वर्षं पट्ट्यांच्या खात्यात काढून पट्टा सैल राहिला, आणि तो गाण्याच्या बाईनं वरच्या मजल्यावरून ओळखला. ते दोन दिवस सांगाड्यापाशीच होते. दोनाचे तीन पट्टे केले, मोटारीच्या बुडाखाली सरकवायचे बोल्ट बसवून पट्टे ताणले, आसावर जड चाक चढवलं. मग लादी टाकली आणि स्वतः जिन्यावर जाऊन वरती विचारून आले. "उतरत नाय म्हणतत," त्यांनी येऊन सांगितलं. मीटर मी त्याच्यानंतर बघितला.

इन्स्पेक्टर आले ते डिकुन्हा नावाचे गृहस्थ. काळी बॅग, पांढरा शर्ट, बोलणं जवळजवळ नाहीच. सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी बटण दाबलं. यंत्र उठलं. लादी पडली, खडखड झाली, साठाचीच पट्टी थरथरत राहिली. हिराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. साहेबांनी मनातल्या मनात नारळ फोडला असावा.

मग वीज दहा टक्के कमी करून पुन्हा चाचणी. दोन लाद्या गेल्या. तिसऱ्या लादीच्या मध्यावर हिराबाईंची मोटार तापली आणि तिच्याच स्टार्टरनं वीज तोडून तिला बंद केलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. डिकुन्हांनी वहीत एक शब्द लिहिला. तो लांबूनही वाचता येत होता.

आमचा सोर्स उत्तम निघाला होता आणि त्यामुळे हिराबाईंचं यंत्र नापास झालं होतं. बारा यंत्रं गेली. माझ्या मनात क्षणभर असं आलं, की ती टक करणारी पेटीच बरी होती, तिनं कोणाचं नुकसान केलं नव्हतं. मग लक्षात आलं की हेच यंत्र दाखला घेऊन आखातात गेलं असतं आणि तिथे भर उन्हात जळलं असतं. आणि त्यामागोमाग कारणही लक्षात आलं. साठ सायकलवर मोटार इथल्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं जास्त जोरात पळते. म्हणजे बर्फ तेवढा जास्त फुटतो, ओझं वाढतं, वर वीज दबलेली. तिला तेवढं झेपत नव्हतं.

मी हिराबाईंना सांगितलं की मोटारीवरची पुली लहान केली तर यंत्र इथल्याच चालीनं फिरेल.

"किती लहान?"

मी आकडा सांगितला. त्यांनी डिकुन्हांना विचारलं, साहेब, चार वाजेपर्यंत थांबता का. ते म्हणाले की त्यांची वेळ साडेपाचपर्यंत आहे. परबमामांनी तोवर पुली सोडवली होती. ती पिशवीत घालून हिराबाई टॅक्सीनं माझगावला गेल्या, दिराला कामावरून बाहेर बोलावून लेथवर पुली तासून घेतली, धक्क्यावरून आणखी चार लाद्या भरल्या आणि पावणेचारला परत आल्या. अर्ध्या लाद्यांचं पाणी टॅक्सीतच झालं होतं. टॅक्सीवाला बाहेर उभा राहून कोणाला तरी शिव्या देत होता.

परबमामांनी पुली बसवली आणि या वेळी मोटार तापली नाही. उरलेला सगळा बर्फ गेला, मग दबलेल्या विजेवर आणखी अर्धा तास यंत्र चालवलं. डिकुन्हांनी मोटारीवर हात ठेवला, घड्याळ बघितलं आणि मघाचा शब्द खोडला. हिराबाई स्टुलावर बसल्या आणि पायांतल्या ओल्या चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या.

मग डिकुन्हा अहवालाचा छापील कागद भरायला बसले. सगळे रकाने भरत भरत ते चाचणीच्या साधनांपाशी आले. सोर्स बनवणाऱ्याचं नाव? दातार साहेब सांगू लागले की मोटार अमक्या ठिकाणची, जनित्र तमक्या ठिकाणचं, जोडणी आमच्याकडे झाली. डिकुन्हा म्हणाले की रकाना लहान आहे, एकच नाव सांगा.

साहेबांनी सांगाड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "परब. लालबाग."

डिकुन्हांनी लिहून घेतलं. "सिरीयल नंबर?"

नंबर कुठून आणायचा? मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी छताकडे. परबमामा तेव्हा गोणपाटानं जमीन पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "चार हजार सातशे बारा."

डिकुन्हांनी तोही लिहिला, सही केली आणि बॅग बंद केली. सगळे गेल्यावर मी परबमामांना विचारलं की हा आकडा त्यांनी कुठून काढला.

"गिरणीतलो माझो बिल्लो नंबर," ते म्हणाले. "बावीस वर्षां गेटार तोच सांगत होतंय. आता कोण इचारणा नाय. बरो कामाक इलो."

पुढे त्या सांगाड्यावर आम्ही कितीतरी वस्तू तपासल्या, आणि प्रत्येक अहवालात तो आकडा गेला. पण त्या दिवशी मला वाटलं की नंबर कागदावर आहे तर यंत्रावरही हवा. दुसऱ्या दिवशी मी पांढरा रंग आणून जनित्राच्या अंगावर ४७१२ घातला. माझं अक्षर आधीच वाईट, त्यात ब्रश जाड. परबमामांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, रॉकेलची चिंधी आणून तो पुसून टाकला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा घातला.